नववीतल्या दगडूची गोष्ट कोण लिहिणार?

मराठी कथा-कादंबरीत किशोरवयाचे कौतुक मोठे आहे. मिसरूड फुटण्याचे दिवस, शाळेचा वर्ग, पलीकडच्या बाकावरची मुलगी, मित्रांचा कट्टा, घरच्यांशी पहिला खटका आणि शेवटी काहीतरी कायमचे निसटून गेल्याची हुरहूर, हा या लेखनाचा ठरलेला मार्ग. या निसटण्याला समीक्षक ‘निरागसता हरवणे’ म्हणतात. शब्द गोड आहे. वाचणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आणतो. पण जी वस्तू आपल्यापाशी होती, तीच हरवते. ज्याच्यापाशी ती कधी टिकूच दिली नाही, त्याचे काय हरवले म्हणायचे? आणि त्या मुलाची गोष्ट मराठी कादंबरीत कुठे आहे?

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. आपल्या घरातील तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींचा आहे. म्हणून त्याचा विचार चळवळीच्या वाचकांनी केला पाहिजे.

प्रथम प्रस्थापित परंपरा पाहू. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्यात एक म्हातारी महारीण आहे. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या ब्राह्मण घरात एका आईने एवढे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, हेही आपण विसरू नये. तरीही त्या प्रसंगात एक रिकामी जागा राहते. श्यामला त्या दिवशी करुणेचा धडा मिळाला. मोळीखाली वाकलेल्या त्या म्हातारीला श्यामच्याच वयाचा नातू असेल, तर त्याला त्या दिवशी कोणता धडा मिळाला? आपल्या आजीची मोळी उचलणारा मुलगा नंतर आंघोळ करतो, हे कळल्यावर त्या नातवाच्या मनात काय झाले? मराठी साहित्याने त्या नातवाकडे फार काळ पाहिलेच नाही.

पुढे २००४ साली मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. कादंबरी गाजली आणि पुढे तिच्यावर चित्रपटही आला. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदाचे कोवळे वय तिथेच संपते. ही कादंबरी वाईट आहे असे कोणी प्रामाणिक वाचक म्हणणार नाही. त्या वयाची भाषा, खोड्या, घालमेल लेखकाने नेमकी पकडली आहे. आक्षेप आहे तो या बालपणालाच ‘आपल्या सर्वांचे बालपण’ म्हणून मिरवण्याला. मुकुंदावर ओढवणारे मोठ्यात मोठे संकट म्हणजे घरी-दारी बदनामी. त्याच नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या वस्तीतल्या पोराने जर शिरोडकरशी बोलायचे धाडस केले असते, तर गोष्ट हुरहुरीवर थांबली असती का?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने २०१४ साली पाहिले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ चित्रपटगृहांत लागला. कैकाडी कुटुंबातला जब्या वरच्या जातीतल्या शालूवर जीव टाकतो आणि काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ धावतो. ती चिमणी जाळून तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते, असे त्याने ऐकलेले असते. अडीच महिन्यांत, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका बौद्ध विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ज्या वयात एका मुलाला पहिल्या प्रेमाची आठवण मिळते, त्याच वयात दुसऱ्या मुलाच्या आईबापांना कोर्टाच्या पायऱ्या मिळतात. मराठी समीक्षेने ‘किशोरवयीन भावविश्व’ हा शब्द वापरताना हे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे.

आता आपल्या परंपरेकडे वळू. आपल्या साहित्यात बालपण नाही असे नाही, उलट ते भरभरून आहे. पण ते आत्मकथनात आहे. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरकतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेतो, तरी गाडी मुलांनीच हाकायची. बरोबर शिदोरी आहे, पण पाणी मिळत नाही म्हणून रात्र उपाशीपोटी काढायची. तेव्हा बाबासाहेब नऊ वर्षांचे होते. आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना त्याआधीही ठाऊक होते. वर्गात वेगळे बसावे लागत होतेच. पण त्या प्रवासाने असा धक्का दिला की तो जन्मभर पुसला गेला नाही, असे ते सांगतात. यातले नवे कपडे आपण नीट पाहिले पाहिजेत. मुले नटूनथटून, आनंदात निघाली होती. जातीने पहिला घाला घातला तो त्या आनंदावर.

पुढे १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे; एक गावकुसाबाहेरचा आणि मुंबईच्या कावाखान्यातला पोरगा, दुसरा शिकलेला, नोकरदार, पांढरपेशा माणूस. १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ आले. त्यात शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एकीकडे, महारांची मुले दुसरीकडे, आणि यांच्या वाट्याला त्यांचे उरलेले अन्न. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. त्या मुलाने काय लिहावे? सहलीचा निबंध कसा असतो हे साऱ्या वर्गाला ठाऊक आहे. झाडे, पाखरे, खाऊ, मौज. त्याच्या सहलीत उष्टे होते. २००३ साली आलेल्या ‘आयदान’मध्ये ऊर्मिला पवार आपल्या आईने विणलेल्या टोपल्या गावात पोहोचवणारी मुलगी दाखवतात. लोक टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या घरात घेतात आणि पैसे वरून तिच्या हातात टाकतात. ती वयात येत आहे, आणि स्पर्शाचा पहिला अर्थ तिला असा कळतो.

या पुस्तकांनी मराठी साहित्याचे डोळे उघडले. पण त्या यशात एक गोष्ट मागे राहिली. आत्मकथन लिहिणारा माणूस तिशी-चाळिशीचा असतो. त्याला उत्तर सापडलेले असते. बाबासाहेब भेटलेले असतात, शिक्षण झालेले असते, अपमानाचे कारण कळलेले असते. तो मागे वळून त्या पोराकडे पाहतो आणि त्याच्या वतीने साक्ष देतो. साक्ष द्यायची तर ती खरी, नेमकी, उलटतपासणीला टिकणारी हवी. म्हणून त्या पोराच्या मनातले जे अर्धवट, चुकीचे, लाजिरवाणे, स्वतःलाही न उमजलेले असते, त्याला तिथे जागा कमी पडते. ते लिहायला कादंबरी लागते.

म्हणजे काय, ते स्पष्ट करतो. वसतिगृहात राहणारा मुलगा आडनाव सांगताना क्षणभर थांबतो. मग त्या थांबण्याची त्याला लाज वाटते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि वर्गमित्र खोलीवर येणार म्हणताच त्याच्या पोटात गोळा येतो. आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते हे मैत्रिणीला कळू नये म्हणून एखादी मुलगी दोन गल्ल्या लांबून वळसा घालते, आणि रात्री आईच्या कुशीत शिरून कारण न सांगता रडते. बाप जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो आणि घरी पिऊन येतो. मुलाला त्याचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो. सवलतीवरून मित्र थट्टेत एक वाक्य बोलून जातो. उत्तर सुचते ते तीन दिवसांनी, तेही अंथरुणात. ही आपल्या मुलांच्या मनातली रोजची लढाई आहे. या लढाईला मोर्चा नाही, निवेदन नाही, घोषणा नाही. तिला फक्त गोष्ट लागते, आणि ती गोष्ट आपण पुरेशी लिहिलेली नाही.

‘फँड्री’चे मोठेपण इथे आहे. जब्याची सर्वांत मोठी धडपड कोणती? आपण डुकरामागे धावताना शालूला दिसू नये, ही. तो बापाची, आपल्या जातीच्या कामाची लाज बाळगतो, भिंतीआड लपतो आणि बापाचा मार खातो. लेखक-दिग्दर्शकाने ही लाज लपवली नाही आणि तिच्याबद्दल मुलाला दोषही दिला नाही. मग शेवटी जब्याचा दगड भिरभिरत थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा तो खरा वाटतो. लाज, संताप आणि मग तो दगड, हा प्रवास त्या पोराने आपल्या डोळ्यांसमोर केलेला असतो. विद्रोह आकाशातून पडत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपले जुने नाते आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या साहित्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९४५ साली रिचर्ड राइटचे ‘ब्लॅक बॉय’ हे आत्मकथन आले. १९५३ साली जेम्स बाल्डविनची ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ ही कादंबरी आली. तिचा नायक जॉन चौदा वर्षांचा आहे आणि त्याचा झगडा घरातल्या कठोर बापाशी, धर्माशी आणि स्वतःच्या पापभीरू मनाशी आहे. १९७० साली टोनी मॉरिसनची ‘द ब्लुएस्ट आय’ आली. पेकोला ही अकरा वर्षांची काळी मुलगी देवाकडे निळे डोळे मागते, कारण निळ्या डोळ्यांची मुलगीच सुंदर, हे तिला जगाने शिकवले आहे. शेवटी तिचे मन फाटते. त्याच कादंबरीत क्लॉडिया नावाची दुसरी काळी मुलगी आहे. तिला भेट मिळालेली गोरी बाहुली ती तोडून पाहते, हिच्यात एवढे प्रेम करण्यासारखे आहे तरी काय म्हणून. एकाच वस्तीतल्या दोन मुली, एकाच अपमानाची दोन उत्तरे. मॉरिसन यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आत्मकथनाची साक्ष आणि कादंबरीचा शोध, असे दोन्ही हात त्या समाजाने वापरले. आपला पहिला हात बळकट आहे. दुसऱ्याला अजून पुरेसे काम दिलेले नाही.

असे का झाले? एक कारण प्रस्थापित साहित्यव्यवहारात आहे. दलित लेखकाकडून तिला ‘अनुभव’ हवा असतो, कल्पनाशक्ती नको असते. आम्ही भोगलेले सांगावे आणि त्यांनी हळहळावे, ही वाटणी तिला सोयीची आहे. दुसरे कारण आपल्यातच आहे. मनाची घालमेल, पहिले प्रेम, एकटेपणा हे सुखवस्तूंचे चोचले, अशी समजूत चळवळीत रुजली. ‘समाज जळत असताना या नाजूक गोष्टी कशाला?’ असा प्रश्न आजही विचारला जातो. संविधानावर घाला पडतो आहे, सरकारी शाळा बंद पडत आहेत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत. अशा वेळी कथा-कादंबऱ्यांचे काय घेऊन बसलात?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही आपल्याच ग्रंथातून दिले पाहिजे. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजवाड्यात सुखात वाढलेल्या राजपुत्राला एके दिवशी म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसते आणि तो हादरतो. निरागसता हरवण्याची याहून प्रसिद्ध कथा भारतात दुसरी नसेल. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी किंवा मृत माणूस पाहिलाच नसेल हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी प्रस्तावनेतच मांडले. त्याऐवजी त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करतो.

हा बदल केवळ इतिहासाचा नाही. मनुष्य मोठा कसा होतो याबद्दलचा तो विचार आहे. बाबासाहेबांचा सिद्धार्थ जगाचे दुःख दिसले म्हणून एका रात्रीत हादरत नाही. तो त्याच जगात वाढलेला आहे. त्याच्यासमोर आपल्याच लोकांचा अन्याय येतो, आणि तो बहुमताविरुद्ध उभा राहायचे ठरवतो. त्याच ग्रंथात देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेल्या पाखरासाठी भांडणारा लहान सिद्धार्थही आहे. म्हणजे बाबासाहेबांना बालमनाची हकीकत क्षुल्लक वाटली नाही. मोठ्या निर्णयाची मुळे त्यांनी तिथपर्यंत नेली. मग आपणच ती क्षुल्लक कशी मानायची?

आंबेडकरी कादंबरीला किशोरवयाकडे पाहण्याची स्वतःची दृष्टी इथेच मिळते. तिने हरवलेल्या निरागसतेसाठी उसासे टाकत बसू नये. आपल्या पोराला जग लवकर कळते. कळलेल्या जगाचे तो काय करतो, कोणाची बाजू घेतो, कुठे मोडतो, कुठे खोटे बोलतो आणि कोणत्या क्षणी ताठ उभा राहतो, हे तिने दाखवावे. प्रेमही त्यात यावे, खुशाल यावे. जातीपलीकडे प्रेम करण्याइतके राजकीय कृत्य या देशात दुसरे कोणते आहे? ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला होता. त्या उपायाची पहिली धडधड पंधराव्या वर्षी सुरू होते.

आणि मुली? आपल्या परंपरेतील पहिला किशोर आवाज एका मुलीचाच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘अक्करमाशी’तल्या मुलाला सहलीचा निबंध लिहिता आला नाही, मुक्ताने त्याच्या कितीतरी आधी न विचारलेला निबंध लिहून दाखवला. तिने धर्माला प्रश्न विचारले, कोणाची परवानगी न घेता. आज आपल्या वस्तीतली नववीतली मुलगी पाळी आल्यावर गप्प बसते, मोबाइलवर आलेल्या घाणेरड्या मेसेजबद्दल गप्प बसते, भावाच्या मित्राच्या नजरेबद्दल गप्प बसते. तिला मुक्ताचे नाव वक्तृत्व स्पर्धेत पाठ म्हणता येते. पण तिच्या गप्प बसण्याबद्दल लिहिलेले एखादे पुस्तक तिच्या हाती पडले, तर ती बोलेल.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. दीक्षाभूमीवर लागतात. पोटाला चिमटा काढून माणसे तिथे पुस्तके घेतात. असा ग्रंथव्यवहार दुसऱ्या कोणत्या समाजाने उभा केला असेल असे वाटत नाही. तिथे बाबासाहेबांचे खंड आहेत, चरित्रे आहेत, वंदनेच्या पुस्तिका आहेत, संविधान आहे. त्या गर्दीत आईचे बोट धरून आलेली तेरा वर्षांची मुलगी असते. तिच्यासाठी, तिच्या मनातले बोलणारी एखादी कादंबरी मागितली, तर विक्रेत्याला शोधाशोध करावी लागते. महापुरुषांची चरित्रे मुलांना आदर्श देतात. पण आदर्शाकडे मान वर करून पाहावे लागते. बरोबरीने शेजारी बसणारे पात्र गोष्टीत भेटते.

जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला. त्याच्या अखेरच्या पत्रात लहानपणच्या एकटेपणाचा उल्लेख आहे. त्यातून आपण कधी बाहेर येऊ शकलो नाही, अशी ती खंत आहे. विज्ञानलेखक होऊ पाहणारा, चळवळीत पुढे असलेला एक तरुण हे लिहून गेला. त्याला न्याय मिळावा म्हणून आपण रस्त्यावर आलो, आणि ते योग्यच होते. पण त्या एका उल्लेखाकडे आपण पुरेसे पाहिले का? विद्यापीठाच्या दारात पोहोचण्याआधी, बाराव्या-तेराव्या वर्षीच जे एकटेपण सुरू होते, ते ओळखायला आपल्या घरात, विहारात, वाचनालयात कोणती सोय आहे? पुस्तक म्हणजे औषध नव्हे, हे खरे. तरी असे वाटणारा मी एकटा नाही, एवढे पुस्तक नक्की सांगते. त्या वयात एवढे कळणेही पुष्कळ असते.

म्हणून आपल्या लेखकांना सांगणे आहे की आत्मकथनाची वाट मोठी झाली, आता तिला फाटा फुटू द्या. कल्पना करण्याचा हक्क कोणाकडे मागू नका. आपल्या प्रकाशकांनी आणि दैनिकांच्या पुरवण्यांनी किशोरांच्या कथेला मानाची जागा द्यावी. विहारांतून बालसंस्कार वर्ग चालतात. तिथे आठवड्यातून एक तास मुलांना गोष्ट वाचू द्यावी आणि नंतर तात्पर्य विचारू नये. आणि आई-वडिलांनी पोरगा कादंबरी वाचताना दिसला तर ‘अभ्यास सोडून काय वाचतोस’ म्हणून ती हिसकावून घेऊ नये.

दगडूने आपली कहाणी सांगायला चाळिशी गाठली, कारण त्याच्या काळात ऐकणारे कोणी नव्हते. आजचा दगडू नववीत आहे. त्याच्या दप्तरात स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, हातात मोबाइल आहे, आणि मनात जे चालले आहे ते तो कोणालाच सांगत नाही. तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत आपण वाट पाहायची का?